मोझरेला आपल्या म्हशीच्या भावकीतलंच



आज पिकाची नोंद नाही, गोठ्याची आहे. थोडी लांबेल, सवडीनं वाचा.

गेल्या महिन्यात घरात विषय निघाला की म्हशी काढायच्या. आमच्या गोठ्यात पाच पंढरपुरी आहेत. धाकट्याचं म्हणणं, त्या विकून एचएफ गाई घेऊ. त्याचा हिशेब खोटा नाही. म्हैस उशिरा गाभण जाते, मुका माज कळत नाही, भाकड काळ लांबतो आणि तोवर वैरण तर रोज लागतेच. मी गप्प बसलो, कारण तोंडात उत्तर नव्हतं.

त्याच रविवारी नातीसाठी सूनबाईंनी घरी पिझ्झा केला. वर किसलेलं चीज होतं, ओढलं की तार सुटत होती. नात म्हणाली, "आजोबा, हे कशाचं करतात?" मी म्हणालो, दुधाचं. "कुणाच्या दुधाचं?" आता आली का पंचाईत! मग शोधायला बसलो, आणि चार दिवस त्यातच गेले.

तर मंडळी, हे मोझरेला मुळात म्हशीचं. दक्षिण इटलीत नेपल्सच्या आजूबाजूला कांपानिया नावाचा प्रांत आहे, तिथलं. आणि तिथली म्हैस आपल्या म्हशीच्या भावकीतलीच. म्हशीत दोन घराणी, एक नदीकाठची आणि एक दलदलीची. मुऱ्हा, जाफराबादी, पंढरपुरी या सगळ्या नदीघराण्यातल्या, त्यांची गुणसूत्रं 50. चीन आणि आग्नेय आशियातल्या दलदली म्हशीची 48. इटलीची भूमध्य म्हैस 50 वाली, म्हणजे आपल्याकडची. नदीघराण्याची म्हैस पहिल्यांदा माणसाळली ती भारतीय उपखंडात, काही हजार वर्षांपूर्वी. तिथून इराक, इजिप्त असं करत ती पश्चिमेला सरकली.

इटलीत ती कधी पोचली यावर तिथल्या अभ्यासकांत वाद आहे. पाउलुस डायाकोनुस नावाच्या 8व्या शतकातल्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की लोंबार्ड राजा आगिलुल्फच्या काळात, म्हणजे 600 सालाच्या सुमारास, असली जनावरं इटलीत पहिल्यांदा आली आणि लोक नवलानं बघत राहिले. काही जण म्हणतात, तो म्हणतो ती जनावरं म्हशी नव्हेतच. खरी म्हैस अरबांनी सिसिलीत आणली आणि नॉर्मन लोकांनी ती पुढं मुख्य भूमीवर नेली.

कुणी का आणली असेना, ती टिकली का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. व्होल्तुर्नो आणि सेले या नद्यांच्या मुखाशी, आणि रोमच्या दक्षिणेला, तेव्हा मैलोन् मैल दलदल होती. हिवताप इतका की माणूस राहायला तयार नव्हता. गाय चिखलात रुतायची. म्हशीचा खूर रुंद, तिला पाण्यात डुंबायला लागतंच, आणि निकस गवतावर ती दूध देते. रोमजवळच्या पोंतीने दलदलीत तर कालवे साफ करायला म्हशींचे कळप पाण्यातून हाकत. म्हशी चालल्या की पाणवनस्पती उपटल्या जायच्या. म्हणजे ज्या जमिनीचं कुणी काही करू शकत नव्हतं, तिथं म्हशीनं माणसाला तगवलं.

आता दूध निघालं, पण गिऱ्हाईक कुठं? शहर लांब, रस्ते चिखलाचे, हवा गरम. मग त्या गवळ्यांनी जागेवरच चीज करायला घेतलं. त्यासाठी गोल दगडी इमारती असत, मध्ये चूल, तिथंच दूध तापवायचं. तयार झालेला गरम लगदा ताणून अंगठा आणि तर्जनीनं गोळा तोडायचा. तोडण्याला त्यांच्या भाषेत 'मोत्सारे' म्हणतात, त्यावरून नाव मोझरेला. 12व्या शतकात कापुआ गावातल्या मठात यात्रेकरूंना पाव आणि 'मोत्सा' देत असत, असं तिथं सांगतात. पुढं 1570 साली बार्तोलोमेओ स्काप्पी या पोपच्या आचाऱ्यानं आपल्या पाककृतींच्या ग्रंथात मोझरेला हे नाव लिहिलं.

या चीजचं दुखणं एकच, ते टिकत नाही. आज केलं की आजच खावं. म्हणून शतकानुशतकं ते आसपासच्या गावांपुरतंच राहिलं. लांब जायचा तो त्याचा धूर दिलेला भाऊ, प्रोव्होला. चिलेंतो भागात मर्टल नावाच्या झुडपाच्या पानाफांद्यांत बांधून मोझरेला नेत, कारण डोंगरात पाणी आणि भांडी कमी. आपल्याकडं पळसाच्या पानात लोणी बांधून बाजारला न्यायचे, तसंच हे.

आणि माझ्या मते मोझरेलाचा घरगुती स्वयंपाक एवढा सोपा आहे तो यामुळंच. पहिल्या दिवशी ताजं असतं, तेव्हा नुसतं कापायचं, टोमॅटोची चकती, तुळशीच्या जातीचं बेसिल, ऑलिव्ह तेल आणि मीठ. याला काप्री बेटावरून काप्रेसे म्हणतात. यात चूल पेटवायचीसुद्धा गरज नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चीज जरा कडक झालं, पाव शिळा झाला, की दोन कापांमध्ये चीज घालायचं, अंड्यात बुडवायचं आणि तळायचं. याचं नाव 'मोझरेला इन कारोत्सा', म्हणजे घोडागाडीत बसलेलं मोझरेला! आणि पिझ्झा. 1889 साली मार्गेरिता राणीसाठी तो पहिल्यांदा केला ही गोष्ट सगळीकडं सांगतात. पण त्याच्या आधीच, 19व्या शतकाच्या मध्यात नेपल्सच्या चालीरीतींवर छापलेल्या पुस्तकात मोझरेलाच्या पातळ कापांचा आणि बेसिलच्या पानांचा पिझ्झा नोंदलेला आहे. गरिबाचं रस्त्यावरचं खाणं ते. राणी मागाहून आली.

म्हशीचे दिवस मात्र सरळ गेले नाहीत. 18व्या शतकात बूर्बों राजांनी कार्दितेल्लोच्या राजवाड्याशी म्हशींचा गोठा आणि चीजखाना उभारला. इटली एक झाल्यावर आवेर्सा गावात मोझरेलाचा घाऊक बाजार सुरू झाला, रोजचा भाव तिथं ठरायचा. पण 1930च्या दशकात सरकारनं दलदली उपसून शेतजमीन केली. जमीन सुधारली, हिवताप हटला, आणि म्हशीची जागा गेली. त्यात महायुद्ध आलं, कळप अगदी थोडे उरले. तेव्हा तिथंही कुणाच्या तरी घरात हाच विषय निघाला असणार, म्हशी काढायच्या का? काहींनी ठेवल्या. आज इटलीत चार लाखांच्या आसपास म्हशी आहेत, बहुतेक सगळ्या मोझरेलासाठी.

हे फिरलं ते नावामुळं. 1993 साली इटलीच्या सरकारनं आणि 1996 साली युरोपीय संघानं 'मोझरेला दि बुफाला कांपाना' या नावाला संरक्षण दिलं. नियम वाचून मी चाट पडलो. दूध ठरलेल्या जिल्ह्यांतलंच, भूमध्य म्हशीचंच, पूर्ण मलईचं, फॅट किमान 7.2, आणि धार काढल्यापासून 60 तासांच्या आत चीज झालंच पाहिजे. 7.2 फॅट! आमच्या थोरलीचं दूध थंडीत याच्या वर लागतं. संकलन केंद्रावर ते इतर सगळ्या दुधाबरोबर एकाच टाकीत ओततात.

गंमत बघा, त्याच 1996 साली डॉमिनोजचं भारतातलं पहिलं दुकान दिल्लीत आणि पिझ्झा हटचं बंगळुरूत उघडलं. म्हैस आपल्याकडून तिकडं गेली, आणि तिचं चीज पिझ्झ्यावर बसून हजारो वर्षांनी परत आलं.

आता प्रत्यक्ष प्रयोग. पहिल्या खेपेला मी चार लिटर दूध वाया घालवलं. सवयीप्रमाणं दूध उकळून घेतलं होतं. विरजणाचं औषध, म्हणजे रेनेट घातलं, पण दही बसेना, नुसता भुगा. कारण नंतर कळलं. उकळलं की दुधातली निवळीची प्रथिनं केसीनला चिकटतात आणि रेनेटला कामच करता येत नाही. पनीरला उकळलेलं दूध चालतं, नव्हे लागतंच, आणि म्हणून पनीर तव्यावर वितळत नाही. मोझरेलाला कोमट दूध लागतं. पण कच्चं दूधही वापरू नका, गर्भपाताचा ब्रुसेला रोग माणसाला लागतो. 63 अंशांवर 30 मिनिटं दूध ठेवायचं, त्यापुढं नाही, आणि लगेच गार करायचं. थर्मामीटर घ्याच.

दुसऱ्या खेपेला असं केलं. चार लिटर गार दुधात दीड चमचा सायट्रिक आम्ल (लिंबूफूल) कपभर पाण्यात विरघळवून घातलं. म्हशीच्या दुधात कॅल्शियम जास्त, म्हणून अंमळ जास्तच. 32 अंशांपर्यंत तापवलं, पाकिटावरच्या मापानं रेनेट घालून अर्धा मिनिट हलवलं आणि हात लावला नाही. आपल्याकडं मिळणारं रेनेट सूक्ष्मजीवांपासून केलेलं, शाकाहारी असतं. वीसेक मिनिटांत खरवसासारखं घट्ट बसलं. सुरीनं चौकोन पाडले, हळूहळू 40 अंशांपर्यंत नेलं, निवळी काढली. मग 80-85 अंशांच्या पाण्यात गोळा बुडवून ताणला. हात भाजतात, हातमोजे घाला. आम्लता सामू 5.2 च्या आसपास आली की केसीनला बांधून ठेवणारं कॅल्शियम सुटतं आणि लगदा दोरीसारखा लांबतो. न ताणता तुटला तर आम्ल कमी पडलं असं समजा. आमचा लांबला. नात टाळ्या पिटत होती.

पाऊण किलोच्या जरा आत चीज निघालं. गाईच्या दुधाचं तेवढ्यातून जेमतेम अर्धा किलो निघतं. इटलीतले कारागीर तर म्हशीच्या चार-साडेचार लिटरला किलोभर काढतात. फॅटच्या भावात हा फरक पूर्ण दिसत नाही, ताटात दिसतो. पहिल्या दिवशी आम्ही ते टोमॅटो आणि घरच्या तुळशीबरोबर खाल्लं. तुळस बेसिलपेक्षा उग्र, दोनच पानं पुरे. दुसऱ्या दिवशी शिळ्या पावात घालून अंड्यात बुडवून तळलं. बायकोसाठी बेसनाच्या पिठात. उरलेलं ज्वारीच्या शिळ्या भाकरीवर, ठेचा लावून, तव्यावर झाकण ठेवून. एक लक्षात ठेवा, ताजं चीज पाण्याचं असतं, गरम पदार्थावर घालण्याआधी तासभर निथळू द्या.

रात्री धाकट्याला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "आबा, ते खरं. पण स्काप्पीनं लिहिलं 1570 ला आणि नाव मिळालं 1996 ला. आपण सव्वाचारशे वर्षं थांबायचं का?"

यावर मी हसलो, पण त्याचा मुद्दा खरा आहे. स्वयंपाकघरातल्या पाऊण किलो चीजनं कर्ज फिटत नाही. आमच्याकडं गिऱ्हाईक नाही, शीतसाखळी नाही. तरी मला एक गोष्ट कळली. कांपानियाच्या म्हशीत आपल्या म्हशीपेक्षा वेगळं काही नाही. वेगळं आहे ते तिचं दूध दुसऱ्या दुधात न मिसळणं. आपल्या कोल्हापुरात कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढतात, लोक उभे राहून निरसं दूध पितात. ती न मिसळण्याचीच रीत होती आणि गिऱ्हाईक त्यासाठी उठून यायचं.

सध्या ठरलंय असं. दोन म्हशी विकायच्या, तीन ठेवायच्या, आणि त्या तिघींचं दूध वर्षभर वेगळं काढून, फॅट लिहून, ओळखीच्या घरांना द्यायचं. एक गाय येईल, धाकट्याच्या हिशेबासाठी. वर्षानं दोन्ही वह्या शेजारी ठेवू आणि जे आकडे येतील ते इथंच लिहीन, माझ्या विरुद्ध गेले तरी.

थोरली म्हैस ठेवलेल्या तिघींत आहे. ते नातीनं ठरवलं.