आखा मुलीच्या टोपीवरचा राणीछाप रुपया

या भागात थाई नावं बरीच आहेत आणि ऐकताना ती निसटतात, म्हणून हा लेखी मजकूर. सावकाश वाचा.

थायलंडच्या उत्तर टोकाला, चियांग राय प्रांतातल्या डोंगरांत आखा नावाचे लोक राहतात. (मुंबईतल्या 'आख्खा'शी काही संबंध नाही.) त्यांच्या बायकांच्या जुन्या टोप्यांचे फोटो मिळाले तर झूम करून बघा. चांदीच्या बटणांच्या रांगांमध्ये नाणी शिवलेली दिसतील आणि त्यातली कितीतरी आपल्याकडची असतात. राणीछाप रुपये, सातव्या एडवर्डचे, पंचम जॉर्जचे. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानाचाच भाग होता, त्यामुळे तिथल्या शान डोंगरांत हाच कलदार चालायचा. वजन बरोब्बर एक तोळा, चांदी जवळजवळ ९२ टक्के. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूच्या कमळापाशी बारीक टिंब असेल, तर तो मुंबईच्या टांकसाळीतला. म्हणजे फोर्टमध्ये पाडलेला रुपया अफूच्या आणि खेचरांवरच्या व्यापारातून फिरत फिरत डोंगरावर पोचला आणि कुणाच्या तरी टोपीवर कायमचा शिवला गेला.

मला यातला 'शिवला गेला' हा भाग महत्त्वाचा वाटतो. आपल्या आज्यांच्या पुतळ्यांच्या माळेसारखंच हे. बँक नाही, जमिनीचा कागद नाही, मग साठवलेलं धन अंगावर. फरक एवढाच की आखा मुलीला ते बसवायचं कापडही स्वतः तयार करावं लागायचं. कापूस घरचा, टकळी मांडीवर फिरवून चालता चालता कातलेलं सूत, नीळ वापरून काळपट निळं रंगवलेलं कापड, आणि त्यावर भरतकाम. धावदोरा, फुल्या-फुल्यांचा टाका, रंगीत कापडाचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून लावणं. त्यात रानगवताच्या पांढऱ्या टणक बिया. आपल्याकडे वैजयंती माळ म्हणून विकतात ना, त्याच. सगळ्यात जास्त काम जॅकेटच्या पाठीवर. मुलगी मोठी होईल तशी टोपीत भर पडत जाते. उलो आखांची टोपी उंच निमुळती, लोइमी आखांच्या टोपीला मागे चांदीचा पत्रा. टोपी बघून बाई कुठल्या शाखेची आणि साधारण कुठल्या वयाची, हे गावाला कळायचं.

आखांना जुनी लिपी नाही. पूर्वजांना लिपी म्हशीच्या कातड्यावर लिहून मिळाली होती, पण वाटेत भूक लागली म्हणून त्यांनी ते कातडंच खाल्लं, अशी गोष्ट ते सांगतात. विक्रीच्या कागदांवर हल्ली 'भरतकाम हीच यांची लिपी' असं लिहिलेलं असतं. मला हे जरा जास्तच वाटतं. त्यांची खरी नोंदवही तोंडपाठ असते, साठेक पिढ्यांची वंशावळ म्हणून दाखवतात! भरतकाम म्हणजे कपडा होता. सुंदर, पण कपडा. आणि विकायचा तर नक्कीच नाही.

मग तो विकायला का लागला?

आखा लोक मूळ युन्नानकडचे. तिथून ब्रह्मदेशाच्या शान भागात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून थायलंडमध्ये उतरले. डोंगर जाळून भात पिकवायचा आणि रोख पैशासाठी अफू. १९५९ मध्ये थायलंडने अफूवर बंदी घातली. प्रत्यक्षात शेतं बंद व्हायला पुढची तीसेक वर्षं गेली, पण दिशा ठरली होती. ज्या जमिनी ते कसत होते त्या सरकारदप्तरी जंगल. बहुतेकांकडे नागरिकत्व नाही. म्हणजे रोख पीक गेलं, जमीन आपली नाही आणि प्रांताबाहेर जायचं तर परवानगी लागते. अशा वेळी घरात विकण्यासारखं काय उरतं? टोपी. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आज्यांच्या टोप्या आणि जॅकेटं चियांग मायच्या रात्रबाजारात पर्यटकांपुढे मांडलेली असायची.

टोपी एकदाच विकता येते. त्यानंतर दलाल घरातल्या मुलीकडे बघायला लागला. हॉटेलात काम आहे, भांडी घासायची आहेत, आगाऊ पैसे घ्या. ती आगाऊ रक्कम हेच कर्ज, आणि ते फेडायला मुलगी वेश्यागृहात. ऐंशीच्या दशकात उत्तर थायलंडच्या डोंगरांतून अशा मुली गेल्या. नव्वदीच्या सुरुवातीला एचआयव्ही आला, तेव्हा त्याचा मोठा फटका याच भागाला बसला.

भरतकामाला रोजगार बनवण्याचे प्रयत्न याच काळातले. थायलंडच्या राजमाता श्रीनगरिंद्रा यांनी १९७२ मध्ये डोंगरी हस्तकलांसाठी संस्था काढली, तीच पुढे मे फा लुआंग फाउंडेशन झाली. १९७३ मध्ये चियांग मायमध्ये थाई ट्रायबल क्राफ्ट्स सुरू झालं. आखा भाषेचा कोश करणारे पॉल लुईस आणि त्यांच्या पत्नी इलेन, दोघे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी. त्यांनी १९८७ मध्ये चियांग मायला न्यू लाइफ सेंटर काढलं, डोंगरी मुलींसाठी: राहायची सोय, शिक्षण, हाताला काम. गंमत बघा, अनेक गावांतला जुना आचार मिशनऱ्यांमुळेच सुटला आणि त्याच आचारातलं भरतकाम विकत घ्यायलाही मिशनरीच पुढे आले. १९८९ मध्ये सोम्पोप जंत्राका यांनी सीमेवरच्या मे साय गावात मुली विकल्या जाण्याआधीच त्यांना शाळेत धरून ठेवायचं काम सुरू केलं.

आता हिशेब. पूर्ण जॅकेट भरायला महिनोन्महिने लागतात, त्याची खरी मजुरी लावली तर कुणी घेणार नाही. म्हणून नक्षीचे तुकडे झाले. बोटभर रुंद पट्टी, ती पिशवीवर, पाकिटावर, मोबाइलच्या कव्हरवर. पैसे नगावर. घरच्या सुताऐवजी बाजारचा धागा, चांदीऐवजी ॲल्युमिनियम, आणि गिऱ्हाइकाला आवडतात म्हणून रंग फिके. 'कला भ्रष्ट झाली' म्हणणारे भेटतात. मला त्यांचं पटत नाही. ज्या मुलीकडे ओळखपत्र नाही, तिला गाव न सोडता करता येईल अशी कामं किती असतात? हे त्यातलं एक. शिवाय त्यासाठी कुणाची उचल घ्यावी लागत नाही. मात्र नुसत्या सुईने कुणी वाचलं, असंही म्हणू नये. नगाच्या पैशांत दलालाच्या रकमेशी बरोबरी होत नाही. जिथे टाक्यांबरोबर वसतिगृह होतं, शाळा होती, कागदपत्रांसाठी कुणीतरी कचेरीत खेटे घालत होतं, तिथे मुलीला चार वर्षं मिळाली. भरतकामाने त्या वर्षांचा थोडा खर्च उचलला.

कागदांची बाजू फार हळू हलली. कागद नसलेल्या मुलांनाही शाळेत घ्यायचं, हा थाई मंत्रिमंडळाचा ठराव २००५ चा. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे ४ लाख ८० हजार लोकांचा कायम रहिवास आणि नागरिकत्व लवकर मार्गी लावायचा निर्णय झाला. त्यात डोंगरी जमातींचे लोक मोठ्या संख्येने आहेत. अर्ज मात्र जिल्हा कचेरीतच करायचा आहे, एकेकट्याने, रांगेत उभं राहून.

पुढच्या भागात याच डोंगरांवरची कॉफी. दोई तुंगवर अफूच्या जागी ती कशी आली, आणि आखा मुलं भरतकामापेक्षा तिच्याकडे का वळली, ते बोलू.