स्टायल : चेशरमधील एक गिरणीगाव

स्टायल : इंग्लंडच्या चेशर परगण्यातील बॉलिन नदीकाठचे लहान गाव. मँचेस्टरच्या दक्षिणेस. बेलफास्टमध्ये जन्मलेल्या सॅम्युएल ग्रेग या व्यापाऱ्याने १७८४ मध्ये येथे क्वॉरी बँक ही सूतगिरणी काढली आणि शेतकऱ्यांच्या या तुरळक वस्तीचे पाहता पाहता कामगारांचे गाव झाले.

गिरणी शहरात न निघता रानात का निघाली, याचे उत्तर नदीत आहे. त्या काळी चात्या फिरत त्या पाण्याच्या जोरावर. पुढे साधारण १८१८ ते १८२० या काळात येथे ३२ फूट व्यासाचे लोखंडी पाणचक्र बसले. ते नदीच्या पातळीखाली खोदलेल्या खड्ड्यात होते, म्हणजे पाणी अधिक उंचीवरून पडे. वापरून झालेले पाणी भुयारातून लांबवर नेऊन पुन्हा नदीत सोडले जाई. वाफेची इंजिने देशभर आली, या गिरणीतही आली, तरी बॉलिनचे पाणी गिरणीला शेवटपर्यंत उपयोगी पडले.

पाणी मुबलक, पण माणसे नव्हती. म्हणून ग्रेगने मुले आणली. निराधारांना ठेवणाऱ्या वर्कहाऊसमधून नऊ-दहा वर्षांची मुले करार करून येत. त्यांच्यासाठी १७९० मध्ये गिरणीपासून थोड्या अंतरावर अ‍ॅप्रेंटिस हाऊस बांधले गेले. एका वेळी सुमारे नव्वद मुले तिथे राहत. त्यांत मुली अधिक. एका बिछान्यात दोघे झोपत. पहाटे उठून गिरणीत जायचे, बारा तासांहून अधिक उभे राहायचे. सकाळची लापशी इतकी घट्ट की ती हातावरच वाढता येई. रविवारी रांगेने शेजारच्या विल्म्स्लो गावच्या चर्चला जायचे. मजुरी नाही, राहणे, जेवण, कपडे एवढेच. जादा वेळ काम केले तर थोडे पैसे हाती पडत.

या मुलांपैकी दोघांचे बोलणे कागदावर उतरले, हे मोठे भाग्यच म्हणायचे. टॉमस प्रिस्टली आणि जोसेफ सेफ्टन ही मुले १८०६ मध्ये पळून लंडनला गेली आणि मिडलसेक्सच्या दंडाधिकाऱ्यांपुढे उभी राहिली. प्रिस्टली तेरा वर्षांचा. त्याच्याकडे दोन यंत्रे होती, प्रत्येकावर सुमारे पन्नास धागे. धागा तुटला की पीळ देऊन जोडायचा, यंत्राला तेल घालायचे, ते पुसायचे. पुसताना एका चाकात डाव्या हाताची तर्जनी सापडून तुटली. गिरणीचे डॉक्टर हॉलंड यांनी उपचार केले, सहा आठवड्यांनी तो बरा झाला. त्यानंतर त्याला आई आठवली आणि तो निघाला. एवढ्या जबानीत स्टायलचा अर्धा इतिहास आला.

हे डॉक्टर पीटर हॉलंड कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांचे मामा. कामगारांच्या आरोग्यासाठी गिरणीने ठेवलेल्या अगदी पहिल्या डॉक्टरांत त्यांची गणना होते. ग्रेगची पत्नी हॅना युनिटेरियन पंथाची, वाचनवेडी. तिने मुलांच्या शिक्षणात लक्ष घातले. १८२० नंतरच्या काही वर्षांत कुटुंबकबिल्याच्या कामगारांसाठी ओक कॉटेजेस या विटांच्या घरांच्या रांगा, शाळा आणि नॉर्क्लिफ चॅपेल उभे राहिले. भाजीपाल्याला जागा असे. गावच्या दुकानातला माल वहीत मांडून पगारातून कापला जाई. मँचेस्टरच्या कोंदट गल्ल्यांपेक्षा हे जिणे निश्चितच बरे होते, आणि ते तसे होते हे नाकारणे अन्यायाचे ठरेल. पण घर, दुकान, शाळा आणि पगार एकाच मालकाच्या हाती होते. १८३६ मध्ये पळून परत आलेल्या एस्थर प्राइस या मुलीला कोंडून ठेवण्यात आले, तेही याच गावात. मालकाचा मुलगा रॉबर्ट हाइड ग्रेग याने तर कामाच्या तासांवरील कायदेशीर मर्यादेला जाहीर विरोध केला. मुले आणण्याची पद्धत १८४७ मध्ये बंद झाली.

ग्रेग घराण्याची संपत्ती केवळ बॉलिनच्या पाण्यावर उभी नव्हती. कॅरिबियनमधील डोमिनिका बेटावर त्यांचा हिल्सबरो हा मळा होता आणि तो गुलामांच्या श्रमांवर चाले. शिवाय लँकेशर-चेशरच्या गिरण्यांत पिंजला जाणारा बराचसा कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला असे. गावाचा इतिहास सांगताना हा भाग गाळणे म्हणजे वहीतली निम्मी पाने फाडणे होय.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत हा कापूस थांबला, तेव्हा लँकेशरच्या गिरण्या मुंबई बंदराकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडच्या शेतातला कापूस तिकडे सरसकट ‘सुरत’ नावाने पोहोचला. आखूड धाग्याचा, वारंवार तुटणारा हा कापूस तिथल्या कामगारांना नकोसा वाटे. इकडे मात्र भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला.

ग्रेग घराण्याने १९३९ मध्ये गिरणी आणि गाव वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केले. गिरणीतले काम १९५९ मध्ये थांबले. आता तिथे संग्रहालय आहे. जुने पाणचक्र राहिले नाही, यॉर्कशरमधील एका गिरणीचे चक्र त्या जागी फिरते. ओक कॉटेजेसमध्ये अजूनही लोक राहतात. मँचेस्टरचा विमानतळ गावाला खेटूनच आहे. त्या वाटेने जाणाऱ्या मराठी प्रवाशाने गिरणीचे साचे पाहण्याआधी अ‍ॅप्रेंटिस हाऊस जरूर पाहावे.