खाप्याचा पाऊस आणि हिमालयातला बर्फ

नागपूरच्या उत्तरेस कन्हानच्या काठी वसलेल्या खापा या गावाने बर्फवृष्टी कधी पाहिलेली नाही. कन्हान सातपुड्यात उगम पावते. तिच्या पाण्यात वितळलेल्या हिमाचा अंशही नसतो. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, खाप्याच्या शिवारात यंदा पाऊस पडेल की नाही, याचे उत्तर सरकार शेकडो कोस दूर हिमालयातील बर्फाच्या थरांत शोधत होते. त्या शोधाचा, आणि त्याच्यावर टाकलेल्या फाजील विश्वासाचा, हा इतिहास.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात पडलेल्या दुष्काळाने लक्षावधी माणसे मेली. पाऊस चुकणार असल्याची सूचना आधी मिळाली, तर धान्य हलवता येईल, कामे काढता येतील, ही आशा तेव्हापासून बळावली. हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ साली नुकतेच स्थापन झाले होते. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हे मुळात भूगर्भशास्त्रज्ञ. पाऊस आभाळात नव्हे, जमिनीवर शोधावा असे त्यांना वाटले, यात त्यांच्या मूळ विद्येचा हात असावा.

ब्लॅनफर्ड यांचा तर्क असा. वायव्य हिमालयात हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात बर्फ फार पडला, तर तो उशिरापर्यंत टिकतो. ताजा बर्फ आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा आठ-नऊ दशांश भाग परत फेकतो. उरलेली उष्णता त्याला वितळवण्यात खर्ची पडते. परिणामी डोंगर थंड राहतात, तिकडून कोरडे वारे मैदानावर वाहत राहतात आणि समुद्राकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांची वाट अडते. थोडक्यात, वर बर्फ जास्त, तर खाली पाऊस कमी. १८८२ पासून त्यांनी या आडाख्यावर प्रायोगिक अंदाज वर्तवले, १८८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हा संबंध मांडला आणि ४ जून १८८६ रोजी संपूर्ण देशासाठी मोसमी पावसाचे पहिले नियमित पूर्वानुमान प्रसिद्ध झाले.

तर्क सुंदर होता. अडचण बर्फ मोजण्याची होती.

‘बर्फ किती पडला?’ हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. दहा सेंटिमीटर भुसभुशीत ताज्या बर्फातून साधारण एक सेंटिमीटर पाणी निघते. जुन्या, दाबल्या गेलेल्या थराच्या तेवढ्याच जाडीतून तिप्पट-चौपट निघू शकते. वारा एका उतारावरचा बर्फ उचलून दुसऱ्या घळीत रचतो. आज गुलमर्गला स्कीइंगसाठी जाणारा माणूस केवळ जाडीचा आकडा वाचून थांबत नाही. बर्फ ताजा की गोठलेला, कोरडा की ओला, खालचा थर घट्ट की ठिसूळ, हेही विचारतो. हिमस्खलनाचा इशारा देणारे तज्ज्ञ थर कापून पाहतात ते याचसाठी. ब्लॅनफर्ड यांच्या हाती मात्र विरळ डोंगरी ठाण्यांवरून येणारे वृत्तान्तच होते. उंच खिंडींपलीकडे काय साचले आहे, हे पाहणारा डोळाच नव्हता.

त्यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी बर्फाच्या जोडीला देशातील उन्हाळी हवामान आणि हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाकडील परिस्थिती यांचा विचार सुरू केला. पूर्वानुमाने लांबलचक आणि आत्मविश्वासपूर्ण झाली. १८९९ साली त्यांनी पाऊस चांगला होईल असे वर्तवले. प्रत्यक्षात ते वर्ष देशाच्या नोंदींतील सर्वांत कोरड्या वर्षांपैकी एक ठरले.

मध्य प्रांत, म्हणजे खापा ज्या प्रांतात होते तो, १८९६-९७ च्या दुष्काळातून अजून पुरता सावरलाही नव्हता. खाप्याला १८६७ पासून नगरपालिका होती आणि हातमागाचे कापड हा तेथील मुख्य धंदा होता. विणकराला दुष्काळ दोनदा गाठतो: धान्य महागते, आणि पोट भरण्याची भ्रांत पडलेला शेतकरी नवे लुगडे-धोतर घेत नाही. पीक जळण्याआधीच मागणी आटते. शेतकरी निदान पुढच्या पावसाची वाट पाहू शकतो. कापड न खपलेला विणकर मागावरून उठून खडी फोडण्याच्या कामावर जातो. चुकलेले पूर्वानुमान म्हणजे कागदावरची चूक नव्हे, हे येथे समजते. दुष्काळ त्या पूर्वानुमानाने आणला नव्हता, पण तयारीचे मोलाचे महिने त्या भरवशावर गेले. या अपयशावर टीका झाली, तेव्हा पुढे काही वर्षे ही पूर्वानुमाने गोपनीय ठेवण्यात आली. खात्याने चुकीवर काढलेला हा उपाय फारसा अभिमानास्पद म्हणता येत नाही.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. ते केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राशी त्यांचा पूर्वी संबंध नव्हता. त्यांनी बर्फ टाकून दिला नाही, पण त्याचे सिंहासन काढून घेतले. त्यांच्या पहिल्या सूत्रात मेअखेरीचा हिमालयीन बर्फसाठा हा चार घटकांपैकी एक होता. इतर तीन म्हणजे मॉरिशस आणि दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब आणि झांझिबारचा पाऊस. प्रत्येक घटकाचे वजन आकडेमोडीने ठरलेले. या शोधातूनच पुढे प्रशांत महासागरावरील दाबाचा झोका त्यांना सापडला. आजची ‘एल निनो’ची चर्चा त्याच वाटेने आली आहे.

पुण्यातील शिमला ऑफिस चौकाचे नावही याच खात्याने दिलेले: १९२८ साली त्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आले. बर्फाच्या गावाहून आलेल्या कचेरीला पुणेकरांनी तिचे माहेर चिकटवून टाकले.

बर्फ आणि पाऊस यांचा संबंध पुढे दुर्बळ होत गेला, पण संपला नाही. उपग्रहांमुळे हिमाच्छादन वरून दिसू लागल्यावर, १९७६ साली हान आणि शुक्ला यांनी युरेशियाच्या विस्तीर्ण बर्फाशी भारतीय पावसाचा तसाच व्यस्त संबंध दाखवला. पुण्यात जन्मलेल्या वसंत गोवारीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली तयार झालेल्या सोळा घटकांच्या प्रारूपात हिमालय आणि युरेशिया या दोन्हींचा बर्फ होता. ते प्रारूप अनेक वर्षे चालले. २००२ साली त्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला. पडला ८१ टक्के. त्या जुलैत देशभर निम्म्याहूनही कमी पाऊस झाला. पुढच्याच वर्षी सोळा घटक मोडीत काढून नव्याने निवड करण्यात आली, आणि त्या निवडीत ब्लॅनफर्ड यांच्या हिमालयीन बर्फाला जागा मिळाली नाही.