तबकडीची सुई आणि तिची बसणी



मागच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि आमच्या एका ताईंनी पिशवीतून एक मोठी काळी तबकडी काढली. अभंगांची. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली. घरात रेकॉर्ड प्लेअरही आहे, कितीतरी वर्षं माळ्यावर पडलेला. ताई म्हणाल्या, "सासूबाई सारख्या म्हणतात, एकदा लाव गं. लावली, तर सुरुवातीला बरी वाजते, पण मधल्या कागदाजवळ गेली की आवाज फाटतो. विठ्ठल म्हटलेलंसुद्धा कळत नाही."

आम्ही म्हटलं, जुनी आहे, झिजली असणार. पण रेडिओ केंद्रावर नेल्यावर कळलं की दोष तबकडीपेक्षा सुईच्या बसणीत जास्त होता. आणि तशीच वाजवत राहिलो असतो, तर ती खरंच कामातून गेली असती. त्या निमित्तानं आम्ही सुईच्या बसणीचा इतिहास वाचून काढला. तो आज सांगतो.

सपाट तबकडी काढली अमेरिकेतल्या एमिल बर्लिनर यांनी, 1887 साली. आपल्या देशात 1902 साली कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. मैफलीत बसायला ज्यांना कधीच मिळालं नसतं, त्यांच्या घरात बाईचा आवाज पोचला तो असा. त्या तबकड्यांत लाख असायची. पळस, बोर, कुसुंबाच्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी, बांगड्यांना लागते तीच लाख. जगभरच्या तबकड्यांसाठी ती मोठ्या प्रमाणावर भारतातूनच जाई. ती गोळा करणाऱ्या हातांची नावं मात्र कुठल्या तबकडीवर छापली गेली नाहीत.

त्या काळी सुई पोलादाची. तिच्यावर शंभर ग्रॅमच्या आसपास भार. एक बाजू वाजली की सुई फेकायची आणि नवी लावायची. तबकडीत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे, ती सुईला घासून खाचेत बसेल अशी करून घेई. पण सुई खाचेत तिरपी शिरली, तर सुईबरोबर खाचही घासली जाई.

ती तिरपी का शिरते? आपण शेतातलंच पाहू. तिफणीनं सरळ काकरी पाडल्या, आणि मागून कोळपं जरा वाकडं धरलं, तर तणाबरोबर पीकही उपटतं. तबकडीचं तसंच. खाच कोरणारं यंत्र कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं, पेटीचा खण सरकतो तसं. वाजवणारा दांडा मात्र एका टोकाला खिळलेला असतो. तो दारासारखा बिजागरीवर फिरतो, म्हणजे सुई गोलाईनं जाते. कोरणारी सरळ गेली आणि वाचणारी वळत गेली, तर दोघींचा कोन सगळीकडे जुळणार कसा?

1924 साली इंग्लंडमध्ये 'द ग्रामोफोन' नावाच्या मासिकात पर्सी विल्सन यांनी याचं गणित मांडलं. उपाय दोन. दांड्याचं डोकं आतल्या बाजूला थोडं वळवायचं, आणि सुई तबकडीच्या मधल्या खुंटीच्या जराशी पुढे जाईल अशी बसवायची. कोन पुष्कळसा जुळतो. पूर्ण जुळतो तो फक्त दोन ठिकाणी.

मग ती दोन ठिकाणं कोणती धरायची? 1938 साली स्वीडनच्या एरिक लोफग्रेन यांनी जर्मन भाषेत लेख लिहून हे सोडवलं. कोनाची चूक सगळीकडे सारखी बाधत नाही, हे त्यांनी दाखवलं. तबकडी एकाच वेगानं फिरते, पण कडेचा घेर मोठा आणि मधला लहान. एलपीचं उदाहरण घ्या. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच जाते, शेवटच्या गाण्याला फक्त 21. तेवढंच गाणं आत दाटीवाटीनं कोरलेलं, म्हणून तिथली थोडी चूकही जास्त बोचते. ताईंचा अभंग मधल्या कागदाजवळच का फाटत होता, याचं उत्तर आमच्या जन्माच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेलं होतं. 1941 साली अमेरिकेत बेरवाल्ड यांनी हेच गणित इंग्रजीत मांडलं. आज एलपीसाठी नेहमी धरतात ती दोन ठिकाणं म्हणजे मध्यापासून 66 आणि सुमारे 121 मिलिमीटर.

पुढे 1948 साली प्लॅस्टिकची एलपी आली, भार काही ग्रॅमवर आला, सुई हिऱ्याची झाली. दहा वर्षांच्या आत स्टिरिओ आला. खाचेच्या एका भिंतीवर डावा आवाज, दुसऱ्या भिंतीवर उजवा. आता सुईनं समोरून पाहिलं तर ओळंब्यात उभं राहायला हवं. एका बाजूला कलली की डाव्याचं उजवीकडे गळतं.

एक गोष्ट इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर ही दोन यानं अवकाशात सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. सोबत सुईही ठेवली आहे, आणि झाकणावर ती तबकडीवर कुठून ठेवायची याचं चित्र कोरलं आहे. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेल्या. गाणं पाठवणाऱ्यांना सुईसुद्धा समजावून सांगावी लागली, याचं आम्हाला फार वाटलं.

इतकी वर्षं सुई बसवायची ती आरशावर, छापील पट्टीवर, डोळ्याच्या अंदाजानं. संगणकानं त्यात आकडा आणला. आमच्या केंद्रावरच्या मुलीनं शहरातल्या एका हौशी माणसाकडून चाचणीची तबकडी मागून आणली. तिच्यात गाणं नाही, नुसते सूर. ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावलं. 1000 कंपनांचा सूर वाजवला की पडद्यावर 1000 च्या जागी एक उंच काठी उभी राहते. सुई खाचेत तिरपी असेल तर 2000 च्या जागी दुसरी काठी उगवते, जी मूळ सुरात नाहीच. आमच्याकडे ती चांगलीच उंच होती. मग फक्त डावा सूर वाजवून उजवीकडे किती गळतो ते पाहिलं. गळती 12 डेसिबलनंच खाली होती, उलट बाजूला 24.

भार मोजायला मात्र सोनाराचा काटा मागावा लागला. दीड-दोन ग्रॅम हवा तिथं साडेचारच्या वर निघाला! सुई उडू नये म्हणून कुणीतरी डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवलं होतं.

नाणं काढलं. सुईची डबी, म्हणजे कार्ट्रिज, दोन बारीक स्क्रूंवर असते. ते सैल होऊन डबी चार मिलिमीटर मागे सरकली होती. ती पुढे घेतली, सरळ केली, एका बाजूला कागदाची घडी घालून ओळंब्यात आणली. दर वेळी जरासं हलवायचं, सूर वाजवायचा, काठ्या बघायच्या. तीन तास गेले, दोनदा चहा झाला. शेवटी दोन्हीकडची गळती 22 आणि 23 वर आली, आणि 2000 ची काठी पार बसली.

मगच अभंग लावला. शेवटचाही स्वच्छ वाजला, दोन जागा सोडून. तिथं खाच आधीच खरवडलेली आहे, ती भरून येत नाही. सगळं संगणकात उतरवून ताईंना पेनड्राइव्हमध्ये दिलं. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत दिला. म्हणाल्या, "हे तुम्हाला राहू द्या. तबकडी माझ्या उशाशी ठेवा."