पिवळा बेडूक, परदेशातलं ताट आणि आपली भाताची खाचरं

आज पिकाची नोंद कमी आणि इतिहास जास्त आहे. पण गोष्ट शेवटी आपल्या बांधावरच येते, म्हणून सवडीनं वाचा.

मागच्या आठवड्यात आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी पुतण्या गोव्याहून आला. कट्ट्यावर पोरांना रंगवून सांगत होता, "जंपिंग चिकन खाल्लं." म्हटलं, हे काय नवीन? तर बेडूक! "काका, कोंबडीसारखंच लागतंय." पोरं हसली. मला हसू आलं नाही, पण रागावायला तोंडही नव्हतं. तरुणपणी आम्हीही शेतावर सशाचं मटण शिजवलंय आणि तालमीत बढाई मारून सांगितलंय. मग त्याला एक जुनी गोष्ट सांगितली, तीच इथं लिहितो.

कोल्हापूरला शिकार नवी नाही. संस्थानकाळात इथं चित्ते पाळायचे आणि त्यांच्याकडून काळवीट धरायचे. दाजीपूरचं जंगल दरबाराच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. दरबाराची शिकार हौसेची, तर रानातल्या माणसाची पोटासाठी. ससा, भेकर, रानडुक्कर, तितर, लाव्हा, जे मिळेल ते चुलीवर चढायचं. किती मारलं आणि किती उरलं याचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं. हिशोब झाला तोवर उशीर झाला होता. 1952 साली भारतातला चित्ता संपल्याचं जाहीर झालं.

1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढं दोनच वर्षांत, 1951 साली, मुंबई राज्यानं वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षण कायदा केला. त्यामागं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या हुमायून अब्दुलअलींची मोठी मेहनत होती. हा माणूस स्वतः बंदूक चालवणारा, पक्ष्यांचा जाणकार. शिकार कळत होती म्हणूनच ती कुठं थांबवायची हेही त्यांना कळत होतं. 1958 साली दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झालं, आजच्या महाराष्ट्रातलं पहिलं. 1972 साली देशभराचा वन्यजीव कायदा आला.

पण या सगळ्या काळात लोकांच्या डोळ्यांपुढं होता वाघ, गवा, हरीण, मोर. डबक्यातल्या बेडकाकडं कोण बघतंय? आणि नेमका त्याच काळात बेडूक जहाजानं परदेशी चालला होता.

अमेरिका, फ्रान्ससारख्या देशांत बेडकाच्या तंगड्यांना मागणी होती. भारतातून गोठवलेल्या तंगड्या जायला लागल्या. हा धंदा एवढा वाढला की 1980 नंतर ऐन भरात वर्षाला चार हजार टनांच्या घरात माल गेला. लक्षात घ्या, हे वजन फक्त मागच्या पायांचं आहे. बाकीचा बेडूक तिथंच टाकून द्यायचे.

यात सगळ्यात जास्त मेला तो आपल्या खाचरातला मोठा बेडूक. पहिल्या जोरदार पावसात नर पिवळाधमक होतो, गालाखाली निळे फुगे फुगवून रात्रभर ओरडतो. तो ओरडतो मादीसाठी, पण बत्ती घेऊन निघालेल्या माणसालाही त्याचा पत्ता लागतो. म्हणजे पकडायचा हंगाम आणि अंडी घालायचा हंगाम एकच. अंडी पडायच्या आधीच बेडूक पोत्यात. आपण बियाण्याचंच धान्य दळून खाल्लं तर पुढच्या साली पेरायचं काय?

आता शेतीतला हिशोब बघा. हा बेडूक नाकतोडे, भुंगेरे, अळ्या, पतंग खातो. बांध पोखरणारे छोटे खेकडे खातो, सापडलं तर उंदराचं पिल्लूही सोडत नाही. वळवाचा पाऊस पडला की तिन्हीसांजेला कडुलिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे येतात. त्या झाडाखाली बॅटरी मारून बघा, बेडूक आणि भेक दबा धरून बसलेले दिसतील. एक मादी भुंगेरा पोटात गेला म्हणजे उसाच्या मुळाशी तेवढ्या अळ्या कमी. या कामाची मजुरी आपण कधी दिलेली नाही.

अब्दुलअलींनी म्हातारपणी हाच मुद्दा धरला. बेडकातून डॉलर मिळतात हे सगळ्यांना दिसतं, पण बेडूक गेल्यावर वाढणाऱ्या किडीचा आणि औषधाचा खर्च कोण मांडतंय? तो खर्च निर्यातदाराच्या वहीत नव्हता, शेतकऱ्याच्या उधारीत होता. सगळा दोष बेडूक जाण्यालाच देणंही बरोबर नाही. त्याच काळात संकरित वाण आले, युरियाचा मारा वाढला, डबकी बुजली. तरी फुकटचा राखणदार आपणच विकला, हे खोटं नाही.

1985 साली वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात हा बेडूक आला आणि 1987 साली भारतानं तंगड्यांची निर्यात बंद केली. दोन-तीन वर्षांत बांगलादेशनंही तेच केलं. ताट मात्र थांबलं नाही. मागणी सरकत इंडोनेशियाकडं गेली.

गोव्यात आजही पावसाळ्यात चोरून बेडूक पकडतात, म्हणून तिथलं वनखातं दरवर्षी गस्त घालतं. बेडूक मारणं, विकणं, खाणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. घोरपड, खवल्या मांजर, ससा यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. घोरपडीच्या तेलानं कंबर सुधारते हा समजच आहे, त्याला आधार नाही.

पुतण्यानं शेवटी विचारलं, "पण काका, माझ्या एका प्लेटनं काय फरक पडतोय?" म्हटलं, चार हजार टनसुद्धा एकेका प्लेटनंच झाले होते. तो गप्प झाला. मीही झालो, कारण माझा ससा मला आठवला.

यंदा मी दोनच गोष्टी ठरवल्यात. विहिरीशेजारचं डबकं बुजवायचं नाही, आणि पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस त्या बाजूला तणनाशक किंवा कीटकनाशक मारायचं नाही. बेडकाची कातडी पाणी शोषते, पाण्यात गेलेलं औषध सरळ त्याच्या अंगात जातं.

तुमच्या शिवारात पूर्वीइतका डराव डराव ऐकू येतो का? गाव, नदीकाठ की माळ, आणि पहिल्यांदा बेडूक ओरडल्याची तारीख खाली लिहा. उसाबरोबर भात करणाऱ्यांनी नक्की लिहा. निदान एवढा हिशोब तरी आपण आपल्या हातानं ठेवूया.