इंजिनाला पाणी किती द्यावं? गार इंजिनही डिझेल जास्त खातं

जालना : जिल्ह्यात विजेचा भरवसा नसला की विहिरीवर, नदी-नाल्यावर डिझेल इंजिन लागतंच. इंजिन तापू नये याची काळजी सगळेच घेतात. पण ते गरजेपेक्षा गार राहिलं तरी नुकसान होतं, हे फारसं कुणी पाहत नाही.

उष्णता जाते कुठे?
डिझेल जळून जेवढी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी पंप फिरवायला लागतो. बाकीची सायलेंसरमधून धुरासोबत आणि थंड करणाऱ्या पाण्यासोबत निघून जाते.

चूक कुठे होते?
अनेक ठिकाणी पंपाच्या डिलिव्हरी पाइपला नळी जोडून विहिरीचं गार पाणी थेट इंजिनात सोडतात. पाणी जोरात जातं आणि सायलेंडर पुरेसा तापतच नाही. मग डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, न जळालेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि लायनर-रिंग लवकर झिजतात. म्हणजे डिझेलचाही खर्च आणि दुरुस्तीचाही.

उपाय काय?
- नळीवर एक वॉल्व्ह बसवा. इंजिनातून बाहेर पडणारं पाणी साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस राहील इतकाच तो उघडा ठेवा. थर्मामीटरने मोजा, एवढ्या गरम पाण्यात हात घालू नका, भाजतं.
- वॉल्व्ह पूर्ण बंद कधीच करू नका. पाणी तुटलं तर इंजिन जाम होतं.
- बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर ६० अंशांच्या आसपासच ठेवा. जास्त तापलं की आत क्षाराचा थर लवकर धरतो.
- इंजिन तापलंच तर त्यावर एकदम गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. बंद करून निवू द्या.

पाणी कमी असेल तर ड्रम
इंजिनाशेजारी थोड्या उंचीवर ड्रम ठेवून दोन नळ्या जोडतात. गरम पाणी हलकं होऊन वरच्या नळीने ड्रममध्ये जातं, गार पाणी खालच्या नळीने इंजिनात येतं. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. वरची नळी कायम पाण्याखाली बुडालेली हवी, नाहीतर फिरणं थांबतं.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी
उन्हाळ्यात ट्रॅक्टर तापतो म्हणून काही जण थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्यामुळे इंजिन तापायला वेळ लागतो आणि डिझेल जास्त जळतं. तापत असेल तर आधी रेडिएटरची जाळी, फॅनचा पट्टा आणि कूलंट तपासा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

वाया जाणारी उष्णता वापरता येते?
येते. टर्बोचार्जर धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरतो. साखर कारखान्यात टर्बाइन फिरवून बाहेर पडलेल्या वाफेवरच उसाचा रस आटवतात. अमेरिकेत ब्रूस क्रोवर यांनी तापलेल्या सायलेंडरमध्ये पाणी फवारून, त्याच्या वाफेवर जादा फेरा घेणारं सहा स्ट्रोकचं इंजिनही करून पाहिलं.

पण हे घरी करायचं काम नाही. डिझेलमध्ये किंवा हवेच्या नळीत पाणी सोडायचा जुगाड केला तर पंप, नोझल आणि पिस्टन खराब होतात. शेतकऱ्याच्या हातातला स्वस्त उपाय एकच : एक वॉल्व्ह, एक थर्मामीटर आणि थोडं लक्ष.