विसरणाऱ्या माणसाला न्यायचं कुठे?

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात रेल्वेतल्या एका कारकुनाची बायको दाखल झाली. नाव आउगुस्टे डेटर, वय ५१. दुखणं सुरू झालं ते विसरण्यातून नव्हे, संशयातून. नवऱ्याचं शेजारणीशी काहीतरी आहे, असं तिने डोक्यात घेतलं. मग स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू लपवून ठेवणं सुरू झालं, कारण नसताना ती घरभर फिरू लागली, ओरडू लागली. नवऱ्याने, कार्लने, जमेल तेवढं सांभाळलं आणि शेवटी तिला इस्पितळात आणलं.

तिथल्या डॉक्टरने तिला प्रश्न विचारले. नाव? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचं नाव? याही प्रश्नाला, जरा अडखळत, तेच उत्तर. ती जेवत होती फ्लॉवर आणि डुकराचं मांस. काय खाताय म्हणून विचारलं तर म्हणाली, पालक. हे डॉक्टर म्हणजे आलोइस अल्झायमर. पुढची गोष्ट सूक्ष्मदर्शकाची म्हणून सांगितली जाते. ८ एप्रिल १९०६ रोजी आउगुस्टे वारली, तिचा मेंदू म्युनिकला गेला, चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांमध्ये अल्झायमरना पेशींभोवतीच्या गाठी आणि पेशींमधले गुंते दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा सभागृहातून एकही प्रश्न आला नाही.

या गोष्टीतली एक बाजू मात्र सहसा गाळली जाते, आणि ती पैशांची आहे. कारकुनाच्या पगारात इस्पितळाचा खर्च कार्लला झेपेना. बायकोला स्वस्तातल्या दुसऱ्या संस्थेत हलवावं, असं त्याचं चाललं होतं. अल्झायमर तोवर फ्रँकफर्ट सोडून गेले होते. तरी त्यांनी खटपट करून तिला तिथेच ठेवून घेतलं. वैद्यकशास्त्रातलं एक मोठं नाव अशा प्रकारे एका नवऱ्याच्या ओढाताणीवर उभं आहे. स्मृतिभ्रंशाचा इतिहास डॉक्टरांचा म्हणून लिहिला जातो, पण त्याला पुढे रेटलं ते वेळोवेळी घरच्यांनीच.

१९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला ‘अल्झायमरचा आजार’ असं नाव दिलं. नाव मिळालं, पण ते पन्नाशी-साठीच्या आत येणाऱ्या, दुर्मिळ दुखण्याचं. सत्तरीतल्या आजोबांना हीच लक्षणं दिसली तर तो आजार नव्हे, वय. पुढची पन्नासेक वर्षं हीच समजूत चालली. तिच्यामुळे झालेलं नुकसान मोठं होतं. म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचं कारणच उरलं नाही.

आपल्याकडे तर दरवाजाच वेगळा होता. आउगुस्टे फ्रँकफर्टला दाखल झाली त्याच वर्षी, १९०१ मध्ये, ठाण्याचं मनोरुग्णालय सुरू झालं. मुंबईकरांच्या तोंडी ‘याला आता ठाण्याला पाठवा’ हे वाक्य पुढे टोमण्यासारखं बसलं. पुण्यात हाच मान येरवड्याला मिळाला. पण तिथे जायचा रस्ता दवाखान्यातून नव्हे, कचेरीतून जात असे. १८५८ च्या आणि नंतर १९१२ च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटचा हुकूम, पोलीस, दाखले अशी सगळी यातायात. रस्त्यावर भटकणारा किंवा अंगावर धावून जाणारा माणूस त्यात सापडायचा. घरातल्या घरात ‘जेवायला वाढलंच नाही’ म्हणत बसलेली आजी कुठल्या दप्तरात नोंदली जाणार? तिच्यासाठी ‘म्हातारचळ लागला’ एवढं निदान पुरे होतं, आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्यावर शिक्कामोर्तब करायला तयार होती.

वैद्यांकडे मांडणी होती. सुश्रुताने जरा, म्हणजे म्हातारपण, भूक-तहान-झोप-मृत्यू यांच्याबरोबर स्वाभाविक व्याधींत बसवलं. रसायन चिकित्सा आणि ब्राह्मीसारख्या वनस्पती स्मृतीसाठी सांगितल्या गेल्या. स्वाभाविक म्हटल्यावर घाई कसली? आणि खरं सांगायचं तर प्रश्नाचा आकारही लहान होता. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचं होतं. ऐंशी गाठणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला घर भरलेलं.

पश्चिमेकडे ही समजूत मोडली ती १९६० च्या दशकात, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला. ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी वृद्धांची हयातीतली वागणूक नोंदवली आणि मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले. १९६८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की म्हाताऱ्यांच्या विस्मरणामागेही बहुतेक वेळा त्याच गाठी आहेत. १९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन यांनी स्पष्टच लिहिलं की तरुणपणीचा आणि म्हातारपणचा असे दोन आजार मानू नका. हा एकच आहे आणि तो मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. तरीही सरकारी पैसा हलला तो घरच्यांनी एकत्र येऊन आवाज उठवल्यावर. शिकागोचे उद्योजक जेरोम स्टोन यांच्या पत्नीला हा आजार झाला होता. १९८० मध्ये उभ्या राहिलेल्या अमेरिकन अल्झायमर संघटनेचे ते संस्थापक-अध्यक्ष. त्याच वर्षी एका लोकप्रिय वृत्तपत्री सल्ला-सदरात या संघटनेचा पत्ता छापून आला आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. इतकी घरं तोवर गप्प होती.

भारतात ही सुरुवात केरळात झाली. डॉ. के. जेकब रॉय यांच्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाला. मुलगा स्वतः डॉक्टर, तरी पुढे काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. १९९२ मध्ये त्यांनी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. पुढे तिच्या शाखा मुंबई-पुण्यासह देशभर निघाल्या. १९९८ साली कोचीला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘१०/६६’ नावाचा संशोधकांचा गट जन्माला आला. नावातच तक्रार आहे: जगातले सुमारे ६६ टक्के रुग्ण गरीब आणि मध्यम देशांत, आणि तिथे होणारं संशोधन दहा टक्क्यांहूनही कमी.

पण मोजायचं तरी कसं? अमेरिकेत १९७५ पासून वापरात असलेली तीस गुणांची स्मृतिचाचणी तारीख विचारायची, एक इंग्रजी शब्द उलट्या क्रमाने अक्षरं सांगत म्हणायला लावायची, वाक्य लिहून घ्यायची. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आजीबाईंना ती लावली असती तर अख्खं गाव स्मृतिभ्रंशाचं ठरलं असतं. म्हणून भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासातल्या संशोधकांनी नवी हिंदी चाचणी बसवली. शब्द उलटा म्हणण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. ‘डोळे मिटा’ ही लेखी सूचना वाचून पाळण्याऐवजी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून तो करेल तसं करायचं, आणि तो डोळे मिटायचा. १९९५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेली ही चाचणी या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा बदल म्हणावा लागेल. माणसाला त्याच्याच आयुष्याबद्दल विचारावं, इतकी साधी गोष्ट सुचायला वीस वर्षं लागली.

मुंबईतही घरोघर जाऊन मोजणी झाली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत चाळिशीपुढच्या २४,४८८ लोकांची तपासणी होती. ६५ वर्षांवरच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण २.४४ टक्के निघालं. आकडा लहान वाटतो. तो तसा का, यावर अजून वाद आहेत: आपल्याकडे आजार खरंच कमी, की माणसं लवकर जातात, की घरचे ‘त्यांचं काही नाही हो, वय झालंय’ म्हणून प्रश्नच परतवून लावतात? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा आहे.

गोव्यातल्या कामाकडे मात्र जरा थांबून पाहायला हवं. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी तिथल्या लोकांपुढे एका विसरभोळ्या वृद्धाचं वर्णन ठेवलं आणि काय वाटतं ते विचारलं. लोकांनी लक्षणं बरोबर ओळखली. हा आजार आहे, असं मात्र त्यांना वाटलं नाही. वय झालं म्हणून, किंवा मुलं नीट बघत नाहीत, जीव लावत नाहीत म्हणून असं होतं, हे त्यांचं उत्तर. म्हणजे आई विसरायला लागली की सून आणि लेक यांच्यावर संशय. अशा घराने डॉक्टरकडे जावं कसं? गेलं तर स्वतःच्याच दुर्लक्षाची कबुली दिल्यासारखं व्हायचं. वृद्धाश्रमांचा अनुभवही तसाच होता. हिंडतं-फिरतं, शिस्तीत राहणारं माणूस त्यांना चालत असे, स्मृतिभ्रंशाचा रुग्ण नको असे.

मग ‘संगत’ या संस्थेने दवाखानाच घरी नेला. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी बार्देस आणि तिसवाडी तालुक्यांतली ८१ कुटुंबं निवडली. त्यातल्या निम्म्यांकडे सहा महिने, दर पंधरवड्याला निदान एकदा, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं जात. ही माणसं डॉक्टर नव्हती. आजार काय आहे ते समजावणं, अंघोळ-जेवणाच्या युक्त्या सांगणं, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेणं, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाला बोलावणं, एवढं त्यांचं काम. २००८ मध्ये निष्कर्ष आला: रुग्णांच्या स्थितीत ठळक फरक दिसला नाही, पण सांभाळणाऱ्यांचं मनःस्वास्थ्य सुधारलं. गोळ्यांच्या बातम्या पहिल्या पानावर येतात. या प्रयोगाची बातमी फारशा मराठी घरांपर्यंत पोचली नाही, हे खटकतं.

मराठी घरांपर्यंत पोचला तो सिनेमा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये संस्कृतचे प्रकांड पंडित चक्रपाणी शास्त्री रस्त्यावर दिसलेल्या हत्तीमागे चालू लागतात आणि हरवतात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको, जिची भाषाही त्यांना येत नाही. शास्त्री साकारले डॉ. मोहन आगाशे यांनी, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्या चित्रपटातल्या मुलीची चिडचिड आणि अपराधीपणा पाहून ‘हे तर आमच्याच घरचं’ असं पुष्कळांना वाटलं.

आजही आजार मुळातून बरा करणारं औषध नाही. मग डॉक्टरकडे जायचं कशाला, हा प्रश्न घराघरांत ऐकू येतो. उत्तर तपासणीत आहे. थायरॉइडची कमतरता, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, एकमेकांशी न जुळणारी औषधं, यांमुळेही माणूस विसरतो, बावचळतो, आणि यातलं बरंचसं सुधारता येतं. म्हणून पहिली पायरी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरची. पुढे मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ. जाताना चालू औषधांची यादी आणि बदल कधीपासून, कोणत्या क्रमाने दिसले याची टिपणं बरोबर न्यावीत. डॉक्टरांशी दोन मिनिटं वेगळं बोलायला मागावं. कारण खुर्चीत बसलेले बाबा ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतात, आणि पाच-दहा मिनिटं ते अगदी पटण्यासारखं म्हणतात. वाट कुठून सुरू करावी हेच कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची ‘एल्डर लाइन’ १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ १४४१६ या दोन्ही सरकारी सेवांना फोन करायला पैसे पडत नाहीत.